नुसती शुगर

काळ्या पिशवीचं तोंड आवळून भुरीबाईनं ती उचलली आणि दुसरा हात तळाला लावला, तेवढ्यात तळहातात काहीतरी कचकन घुसलं.

"अगं याडी!"

पिशवी खाली पडली. अंगठ्याखालच्या मऊ भागात सुई उभी होती, इंजेक्शनची. तिनं ती ओढून काढली. रक्ताचा एक थेंब आला, मग दुसरा.

खोली कमलाकररावांची होती. दोन वर्षं ते याच खोलीत अंथरुणाला खिळून होते. काल तेरवी झाली होती आणि आज सकाळी घंटागाडी फाटकाशी थांबली तेव्हा त्यांच्या मुलानं, स्वानंदनं, तिला आत बोलावलं होतं. "भुरीबाई, बाबांची खोली रिकामी करायची आहे. गादी, औषधं, सगळंच न्या." यवतमाळच्या या कॉलनीत बारा वर्षं ती कचरा उचलत होती. अशा कामाला तिनं कधी नाही म्हटलं नव्हतं. ठेकेदारानं हातमोजे एकदाच दिले होते, स्वच्छता पंधरवड्यात, फोटोच्या दिवशी. ते पावसाळ्याआधीच फाटले.

स्वानंदची बायको अनघा धावत डेटॉलची बाटली घेऊन आली. "धुवा, लवकर धुवा," म्हणत तिनं अर्धी बाटली भुरीबाईच्या हातावर ओतली.

"काय रोग होता जी सायबाले?" भुरीबाईनं विचारलं.

"काही नाही हो. शुगर," दारातून स्वानंद म्हणाला. "इन्सुलिनची सुई आहे ती. नुसती शुगर."

अनघानं नवऱ्याकडे पाहिलं. मग ती बाटलीचं झाकण लावत आत गेली.

गाडीचा ड्रायव्हर अय्याज मात्र ऐकेना. "मौसी, बस गाडीत. सुई टोचली तर त्याच दिवशी दवाखाना, असं सांगतलं होतं आपल्याले ट्रेनिंगमध्ये."

"अरे, तीन गल्ल्या बाकी हायेत."

"राहू दे बाकी."

भरलेली गाडी पाहून सरकारी दवाखान्याचा चौकीदार ओरडला, तेव्हा अय्याजनं ती रस्त्याच्या कडेला लावली आणि तिला हाताला धरून आत नेलं.

डॉक्टरीणबाई वयानं लहान होती, पण तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. तपासणीसाठी भुरीबाईचं रक्त काढलं आणि विचारलं, "सुई ज्यांची होती त्यांना कावीळ होती का? एक कावीळ रक्तातून पसरते. ती असेल तर लसीबरोबर आणखी एक इंजेक्शन द्यावं लागतं, आणि तेही लगेच. आत्ता इथं नाहीये ते, पण मी नागपूरहून आजच मागवते. फक्त नक्की कळायला हवं."

अय्याजनं स्वानंदला फोन लावून डॉक्टरीणबाईच्या हातात दिला. भुरीबाई समोरच बसली होती. पलीकडचा आवाज तिला स्पष्ट ऐकू येत होता.

"सांगितलं ना तिला, शुगर होती."

"रक्ताचे रिपोर्ट असतील ना? फाईल?"

"फाईल कचऱ्यात गेली, मॅडम. कावीळ-बिवीळ काही नव्हतं."

फोन बंद झाला. डॉक्टरीणबाईनं कागदावर तेवढंच लिहिलं; नागपूरचं इंजेक्शन मागवलं नाही. भुरीबाईला लसीचा पहिला डोस मिळाला, आणि दुसरा कुठला रोग लागू नये म्हणून महिनाभराच्या गोळ्या.

गोळ्यांनी तिला मळमळायचं. गाडीवर उभी राहिली की कचऱ्याचा वास सहन व्हायचा नाही. पूर्वी असं कधी झालं नव्हतं. तिचा नवरा रूपसिंग कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचा. दवाखान्याच्या ज्या खिडकीवर तिला गोळ्या मिळाल्या तिथं एड्सच्या गोळ्या देतात, हे त्याला कामावर कुणीतरी सांगितलं.  संध्याकाळी त्यानं आपली खाट उचलून अंगणात नेली. पुढं तपासणीत तो रोग नाही असं निघालं, तेव्हा खाट तशीच, न बोलता, पुन्हा आत आणली.

तिसऱ्या महिन्यात भुरीबाईला दोन घरांच्या बादल्या उचलल्या की दम लागायला लागला. जेवण जाईना. एका सकाळी अय्याज तिच्याकडे बघत राहिला.

"मौसी, तुहे डोळे पिवळे काहून दिसून राह्यले वो?"

डॉक्टरीणबाईनं रिपोर्ट दोनदा वाचला. "सुई टोचली त्या दिवशीचं तुमचं रक्त साफ होतं. आता त्यात कावीळ आहे. तीच, मी म्हटलं होतं ती."

"मी लस घेतली ना जी. दोन्ही खेपा आली."

"नुसती लस दर वेळी पुरत नाही हो." ती थोडं थांबली. "बहुतेकांची ही कावीळ आपोआप जाते. काहींची राहते आणि हळूहळू लिव्हर खराब करते. तुमचं काय ते सहा महिन्यांनी कळेल. आता आराम करा. ताटा-गिलासानं ही पसरत नाही, रक्तानं पसरते, नवराबायकोत पसरते. रूपसिंगभाऊंना तपासायला आणा. आणि त्या घरच्यांनाही सांगा. पेशंटचं सगळं त्यांनीच केलं असेल. त्यांनी लस घेतलेली बरी."

घरी आल्यावर तिनं रूपसिंगला सांगितलं.

"कायले जातं तिकडं?" तो चिडला. "त्यायनं कधी तुले इचारलं का, जित्ती हायेस का मेली म्हणून?"

"वहिनीनं दोन वर्स बुढ्याचं हागणं-मुतणं काढलं. तिले ठाऊक नसन. लेकरू हाये त्या घरात."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती चालत निघाली. वाटेत तीनदा बसली. फाटक वाजवल्यावर अनघा बाहेर आली आणि तिला पाहून जागीच थांबली.

"हे घरी नाहीत, भुरीबाई."

"सायबासंग काम नाही जी. मले काही नाही पायजे." भुरीबाई फाटकाबाहेरच उभी राहिली. "मले कावीळ झाली. त्या सुईनं. डॉक्टरीणबाई म्हणे, घरच्यायनं बी तपासून घ्या. लस रायते तिची. लेकराले पयले द्या."

अनघानं मागं वळून घराच्या दाराकडे पाहिलं.

"आम्ही घेतली आहे," ती म्हणाली. "तिघांनीही."

"कवा?"

"मागच्या वर्षी. बाबांचा रिपोर्ट आला तेव्हाच."

गल्लीत कुणाचा तरी मिक्सर चालू होता. तो थांबला, पुन्हा सुरू झाला. भुरीबाईनं फाटकाची सळई धरली.

"माझ्या दिरांचं, साकेतचं लग्न जुळत होतं," अनघा घाईघाईनं बोलू लागली. "हे म्हणाले, बाहेर कुणाला कळायला नको. तुमच्या डॉक्टरांचा फोन आला तेव्हा मी यांना म्हटलं होतं..."

त्या फोनचं एकेक अक्षर भुरीबाईला आठवत होतं. ओरडावं असं तिला वाटलं, पण छातीत तेवढं बळ नव्हतं.

"लेकराले बी देली?"

"हो."

"मंग बरं झालं."

"पाणी तरी घ्या, भुरीबाई. ऊन किती आहे." अनघा आत गेली आणि काठावर नाव कोरलेला स्टीलचा पेला भरून घेऊन आली. भुरीबाईला खरंच तहान लागली होती. ती सगळं पाणी प्याली, पेला कंपाउंडच्या भिंतीवर ठेवला आणि निघाली.

तिच्या जागी आता तिच्याच बंजारा तांड्यावरची सुखीबाई गाडीवर जात होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती तब्येत विचारायला आली. ओच्यातून तिनं एक पेला काढला.

"हे पाय वो. कचऱ्याच्या पिशवीत निघाला. कोरा करकरीत हाये, कुठं पोचा बी नाही. लोकायले माज येते का?" काठावर कोरलेल्या अक्षरांवर बोट ठेवून ती वाचू लागली. "क... म... ला... कर. कोणाच्या घरचा असन?"

भुरीबाईनं पेला हातात घेऊन पाहिला.

"ठेव इथंच," ती म्हणाली.

सुखीबाई गेल्यावर तिनं तो राखेनं घासला, दोन पाण्यानं धुतला आणि माठावर पालथा घातला.