कीर्तनाआधीची सात मिनिटं

या, असे जवळ सरका. अजून थोडं. माझा आवाज आता लांब जात नाही, आणि जी गोष्ट सांगायची आहे ती ओरडून सांगण्यासारखीही नाही. उभा जन्म कीर्तनात गेला, तेव्हा आधी नमन आणि मग निरूपण हे मला ठाऊक आहे. पण आज नमन राहू द्या. सरळ नानासोच्या पत्र्याच्या शेडमध्ये चला.

"नानासो, त्ये काढून टाक," मी म्हणालो.

"काय काढू, तात्या?"

"तुला ठावं हाय."

"नाव घ्या की. नाव घ्यायला का जड जातंय?"

माझ्यामागे जयराज महाराज उभे होते. आमच्या थोरल्या महाराजांचे चिरंजीव. राहायला सांगलीत, पण आमच्या पलूसजवळच्या गावचा सप्ताह वडिलांपासून त्यांच्याच घराकडे. शेडमध्ये बसायला जागा नव्हती. भिंतीला फळ्या आणि फळ्यांवर कॅसेटी. प्रत्येकीवर तारीख, गाव, वारा कुठून होता तेसुद्धा. नानासो फौजेत सिग्नलला होता, हवालदार होऊन परत आला आणि मुलीच्या नावाने त्याने 'शिवांजली साउंड' काढलं. तीस वर्षं आमच्या सप्ताहाचे भोंगे त्याचे.

"हे बघा नानासो," जयराज महाराज म्हणाले, "वडिलांची कीर्तनं संस्थानाने केव्हाच बाहेर काढलीत. लोकांना ती पुरेत. तुमच्या या कचऱ्याची कुणाला गरज आहे? कुणी खाकरतंय, कुणी मृदंगाला कणीक लावतंय..."

"त्येच तर कुणी ठेवलं न्हाई, महाराज."

"ठेवण्यासारखं नव्हतं म्हणून नाही ठेवलं!"

त्यांनी पायाने एक खोका ढकलला. दोन कॅसेटी जमिनीवर पडल्या. नानासोने त्या उचलल्या, सदऱ्याला पुसल्या, परत जागेवर ठेवल्या.

नानासो कीर्तनाआधी तासभर, माणसं जमायच्या आत, पाच-सात मिनिटं टेप चालू करून ठेवायचा. आवाज नीट येतोय का बघायला. फौजेची सवय, आधी चाचणी. त्या मिनिटांत मंडप रिकामा असे आणि माईक उघडा. फलटणचा एक आंधळा मृदंगी वादी ओढता ओढता स्वतःशीच बोल म्हणत बसलेला. एक शाळामास्तर गवळण गुणगुणतोय, ज्याला साऱ्या गावाने गाताना कधी ऐकलं नाही. दोन वर्षांपूर्वी नानासोने हे तुकडे यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली. दर एकादशीला एक. ऐकणारे शंभर-दीडशे. कुणाचं काही म्हणणं नव्हतं.

मग त्याने शहाण्णव सालच्या काल्याच्या दिवसाचा तुकडा टाकला. वर लिहिलं, 'एक बाई, नाव माहीत नाही.'

आमच्या थोरल्या महाराजांची एक चाल होती. अभंग जुनाच, पण महाराज तो त्या चालीवर घेत तेव्हा वर चढता चढता एके जागी सगळं थांबायचं. टाळ थांबायचे, मृदंग थांबायचा, महाराजांचा श्वास थांबायचा. हजार माणसांत पान पडलं तर ऐकू यावं. आणि मग पुढचा शब्द यायचा. खोटं सांगत नाही, त्या थांब्यात मी देव पाहिलाय. महाराज जाईपर्यंत वर्षानुवर्षं वीणा गळ्यात घालून मी त्यांच्यामागे उभा होतो ते त्या थांब्यासाठी.

तुकड्यात ती चाल होती. महाराजांनी ती लोकांपुढे पहिल्यांदा म्हणायच्या तासभर आधी, एका बाईच्या तोंडी.

पंधरवड्यात सांगलीहून एका मुलीचा निरोप आला. प्रांजल नाव, दवाखान्यात नर्स. तिने खाली लिहिलं, 'ही माझी आजी, रंगुबाई. आटपाडीकडची. आजीचा आवाज आमच्याकडे नाही. फोटोही एकच आहे, रेशनकार्डावरचा.' नानासोने लगेच वरचं नाव बदललं. 'रंगुबाई, आटपाडी.' तिथून वणवा पेटला.

सप्ताहाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय काय आलं ते मी तुम्हाला वाचून दाखवणार नाही. 'भोंगेवाला आता महाराजांची परीक्षा घेणार.' 'मेंढरामागची बाई आणि महाराजांना शिकवणार?' शिव्यांना सीमा नव्हती. देवळावरचा त्याचा भोंगा पोरांनी उतरवला आणि त्याच्या दारात तोंड खाली करून ठेवला. चहाच्या टपरीवर तो आला की माणसं उठायची. आणि त्या ग्रुपवर सगळ्यांत पहिला निरोप कुणाचा होता? माझा. 'महाराजांच्या नावाला हात लावणाऱ्याला मंडपात पाय ठेवू देऊ नका. आकाराम विणेकरी.'

तर त्या दिवशी शेडमध्ये जयराज महाराजांनी शेवटचं सांगितलं, "सप्ताहाच्या आत ते काढा. काल्याच्या कीर्तनात माईकवरून माफी मागा. नाहीतर या वर्षी साउंड सांगलीचा येईल आणि तुम्ही मंडपाबाहेर." आणि गाडीत जाऊन बसले.

मी मागे राहिलो. समजूत घालावी म्हणून.

"गड्या, कशाला हट्ट करतोस? एका बाईपायी गाव तोडतोस व्हय?"

"तात्या, तुमी त्ये ऐकलंय का?"

"मला ऐकायची गरज न्हाई. मी तितं हुतो."

"व्हय," नानासो माझ्याकडे न बघता म्हणाला. "तुमी तितं हुता. म्हणून तर ऐका. यूट्यूबला मी साडेचार मिनटं टाकल्यात. टेप सात मिनटांची हाय."

त्याने हेडफोन माझ्या कानावर बसवला. मशीनचं बटण दाबलं.

आधी घागर टेकल्याचा आवाज. मग बाई. जाडसर, वाऱ्यात वाढलेला गळा. चाल चढत गेली, थांबली, माझ्या अंगावर काटा आला. मग आमच्या महाराजांचा आवाज, किती वर्षांनी, इतका जवळून!

"बाई, ती ओळ परत म्हणा. मधेच थांबता कशा?"

"आवं म्हाराज, मी कुटं थांबती? मेंढरं चढाला लागली की दम खात्यात. तवा आपुन बी दम खायाचा. मग फुडं."

महाराज हसले. त्यांनी म्हणून पाहिलं. चुकलं. परत म्हटलं.

"हां, आता बराबर. मेंढरू झालासा की तुमी," बाई म्हणाली, आणि दोघं हसली. घागर उचलल्याचा आवाज, पावलं लांब.

"हितवर लोकांनी ऐकलंय," नानासो म्हणाला. "आता फुडं."

महाराज म्हणाले, "आकाराम, या बाईंचं नाव काय? आज कीर्तनात घ्यायचं आहे."

आणि मग एक आवाज आला. तरणा, माजलेला. मला ओळखायला वेळ लागला, कारण माणसाला स्वतःचा आवाज असा बाहेरून ऐकायची सवय नसते.

"धनगराची हाय कोण तरी, महाराज. पाणी भराय ठेवलीया. तिचं नाव कशाला? पंगतीच्या यजमानांची नावं घ्यायची राहिल्यात, ती घ्या आधी. हा कागद."

कागद उलगडल्याचा आवाज झाला. मग लांबून टाळ.

तुम्हाला माहीत आहे, आमच्याकडे कीर्तनात साथीला कोण, मृदंगावर कोण, पंगत कुणाची, सगळ्यांची नावं माईकवरून घेतात. नाव राहिलं तर माणसं वर्षभर बोलत नाहीत. तो कागद दरवर्षी मी लिहायचो. नानासोचं नावसुद्धा त्यात कधी नव्हतं. 'स्पीकरवाले' एवढंच.

मी हेडफोन काढला. "ह्ये का न्हाई टाकलंस? ह्यात तर महाराज सुटत्यात की. त्यांना नाव घ्यायचं हुतं."

"महाराज सुटत्यात," नानासो म्हणाला, "पर तुमी अडकताय."

जो माणूस माझ्यामुळे गावाच्या शिव्या खात होता, तो मला झाकून बसला होता. आणि मी काय केलं? घरी आलो. जेवलो. गप्प बसलो. सप्ताहाचे सात दिवस गप्पच होतो.

नानासोने ते काढलं नाही, माफीही मागितली नाही. साउंड सांगलीचा आला, माणसाएवढ्या उंच पेट्या. काल्याच्या दिवशी सकाळी दहाला कीर्तन उभं राहिलं. नानासो आला. मंडपाच्या बाहेर, दोरीपलीकडे, चिंचेखाली बसला. तीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या हातात काही नव्हतं, तर ते हात कुठे ठेवावेत हे त्याला कळेना. कधी गुडघ्यावर, कधी मांडीखाली. त्याच्या शेजारी पांढऱ्या पंजाबी ड्रेसमधली एक मुलगी, हेल्मेट मांडीवर घेऊन. प्रांजलच ती.

एकाने हटकलंच. "काय हवालदार, आज बाहेरूनच चेकिंग का?"

"बाहेरून बी ऐकाय येतंय," नानासो म्हणाला.

जयराज महाराज चालीवर आले. आधी हात जोडले. "ही चाल माझ्या वडिलांना कृष्णेच्या घाटावर ध्यानात मिळाली. काही करंटे म्हणतात, ती एका पाणक्या बाईची! अहो, मेंढ्यांना कधी ब्रह्म कळलंय?"

मंडप हसला. खदखदून हसला. मुलीने मान खाली घातली.

मी मागे उभा. वीणा गळ्यात. विणेकऱ्यापुढे माईक नसतो. त्याने बोलायचं नसतं, नुसतं उभं राहायचं असतं. चाल चढू लागली. जयराज महाराजांचा गळा चांगला आहे, खोटं कशाला बोलू. टाळ चढले, मृदंग चढला, आणि ती जागा आली. सगळं थांबलं.

तेवढ्या दमात मी म्हणालो, "रंगुबाई."

ओरडलो नाही. पण त्या थांब्यात पान पडलेलं ऐकू येतं. पुढे बसलेल्या पाच-सहा ओळींनी माझ्याकडे पाहिलं. मृदंगी हात उचलून तसाच राहिला, पुढची थाप त्याला सापडेना. मी परत म्हणालो, "ही चाल रंगुबाईची. महाराजांनी नाव इचारलं हुतं. मी सांगितलं न्हाई."

पेट्या कडाडल्या, जयराज महाराजांनी पुढचा शब्द उचलला, आणि माझा आवाज त्यात बुडाला. दोघा जणांनी दंडाला धरलं. "म्हाताऱ्या, मेंदू सडला का तुजा?" कुणीतरी कानात म्हणालं. माझ्या गळ्यातली वीणा काढली आणि दुसऱ्याच्या गळ्यात घातली. सप्ताहात वीणा जमिनीला टेकत नाही. टेकली नाही. मीच टेकलो, मंडपाच्या कडेला, चपलांच्या ढिगाजवळ.

तिथून चिंच दिसत होती. मुलीपर्यंत काही पोचलं नसावं, ती इकडेतिकडे बघत होती. नानासोचा कान सिग्नलचा, त्याला ऐकू गेलं होतं; तो तिच्याकडे वाकला आणि कानाशी काहीतरी बोलला. मुलीने हेल्मेट बाजूला ठेवलं आणि पदर नव्हता म्हणून ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं.

महाप्रसादाला मला कुणी बोलावलं नाही. मी दोरी ओलांडून चिंचेखाली गेलो.

"नानासो, फुडची अडीच मिनटं बी टाक."

"नाव लिवू तुमचं?"

"लिव. पर तिच्या खाली."

आता ती सात मिनिटं पुरी आहेत, कुणीही ऐकावीत. माझ्या आवाजाखाली लोक जे लिहितात ते मी वाचत नाही. वीणा परत मिळाली नाही, मिळणारही नाही. माझ्यापुढे माईक तेव्हाही नव्हता, आजही नाही, म्हणून तुम्हाला इतकं जवळ बोलावलं. एवढंच मागतो. कुठल्या गावी, कुठल्या मंडपात ती चाल कानावर आली, तर वर चढता चढता एक थांबा येईल. मेंढरं दम खातात तेवढाच. तेवढ्यात रंगुबाईला आठवा. मोठ्याने नको. मनात घेतलंत तरी चालेल.