नेवा रेघेच्या कुठल्या बाजूला

अमेरिकेतली दक्षिण नेमकी कुठे सुरू होते, यावरून ऑर्विल डेटमर आणि त्याची बायको नेवा एकतीस वर्षं भांडले. ती केंटकीची, तो इंडियानाच्या वरच्या भागातल्या जर्मन घरातला. संसार मात्र दोघांनी इंडियानाच्या दक्षिण टोकाला, अधल्यामधल्या मुलखात थाटला. ओहायो नदी ओलांडली की दक्षिण, हे शाळकरी पोरंही सांगतात. पण नदी कामाची सरकारला. नेवाच्या केंटकीकडची कितीतरी माणसं पिढ्यांपूर्वीच नदीच्या अलीकडच्या काठाला येऊन राहिली होती. मग नेवा गेली आणि भांडायलाही कुणी उरलं नाही. घर नुसतं खायला उठायचं.

ऑर्विल रस्तेखात्यात नकाशे काढून निवृत्त झालेला, म्हणून जिल्ह्याच्या इतिहास मंडळाने दक्षिणेची हद्द आखायचं काम त्याच्या गळ्यात घातलं. मंडळींनी आधी कीस पाडला. कुणी म्हणे, न मागता गोड थंड चहा येतो तिथवर दक्षिण. कुणी दक्षिणेकडच्या पंथांची चर्च मोजायला निघालं. ऑर्विल म्हणाला, हद्द कबरस्तानांवरून ठरेल. दक्षिणेकडची माणसं मे महिन्यातला एक रविवार धरून आपल्या माणसांच्या कबरी साफ करतात, फुलं वाहतात आणि तिथेच लांब टेबलं मांडून जेवतात. उत्तरेत सैनिकांच्या कबरीवर झेंडा खोचला की संपलं. जिथे निदान दोन घरं जेवायला बसतात ती दक्षिण, हा नियम त्याचा स्वतःचा.

दोन वर्षं मे महिन्यातले रविवार तो गाडी घेऊन कबरस्तानं हिंडला. लोक आग्रहाने बसवून घेत, ताट वाढत, तुमचं कोण आहे इथे म्हणून विचारत. कुणी नाही, असं सांगताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं होई. रेघ मात्र पक्की होत गेली, आणि ती त्याच्या गावच्या कबरस्तानाच्या दक्षिणेला सहा मैलांवरून जात होती. त्या कबरस्तानात नेवा होती.

सहा मैल म्हणजे काय हो? पेन्सिल जराशी वर सरकवली की झालं, कोण बघायला येतंय. पण उभ्या जन्मात त्याने एक वळण खोटं काढलं नव्हतं. मेचा एक रविवार हातात होता. गावात मूळच्या केंटकीकडच्या दोन घरांची माणसं नेवाच्याच रांगेत पुरलेली होती. ऑर्विल त्या दोन्ही घरांच्या दारी जाऊन आला. रविवारी जेवण घेऊन या म्हणाला. बघू, जमलं तर, असं दोघांनी सांगितलं.

त्याने कोंबडी तळली, घेवडा शिजवला, घडीचं टेबल नेलं. नेवाच्या कबरीवरचं गवत हाताने उपटलं. दहापासून तीनपर्यंत वाट पाहिली. कुणी फिरकलं नाही. शेवटी गवत कापणारा माणूस यंत्र थांबवून जवळ आला आणि सभ्यपणे म्हणाला, इथे खाण्यापिण्याला परवानगी नाही. ऑर्विलने डबे झाकले.

सोमवारी त्याने रेघ होती तिथेच शाईने ओढली. मग केंटकीत नेवाच्या थोरल्या बहिणीला, डल्सीला, फोन लावला. ती ऐंशीला टेकलेली, जिभेला हाड नसलेली बाई.

"डल्सी, मी आज नेवाला उत्तरेत टाकलं," तो म्हणाला, आणि सगळं सांगितलं.

"आज नाही टाकलंस," डल्सी म्हणाली. "चार वर्षांपूर्वीच टाकलंस. आम्ही इकडे पुरायला मागत होतो तिला. तू म्हणालास, माझ्या घराजवळ हवी, मेल्यावर माझ्या शेजारी हवी."

खरंच तसं झालं होतं. नेवाने शेवटच्या आठवड्यात केंटकीतल्या आईच्या कबरस्तानाबद्दल दोनदा विचारलं होतं, आणि त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

"आईशेजारची जागा अजून तशीच आहे," डल्सीचा आवाज जरा खाली आला. "कागदपत्रं करून तिला इकडे आणता येईल. आम्ही दर मेमध्ये असतो तिथे, चाळीस माणसं."

"आणि मी?"



"ऑर्विल, जागा एकच आहे रे."

"बरं," तो म्हणाला. "कागद कुठे मिळतात, ते सांग."