सुनेच्या वाटचे मखाने

गोरेगावच्या आठवडी बाजारात मखाने फोडणारा माणूस आला, त्या दिवशी त्याच्या कढईतून एक मखाना असा उडाला म्हणतात, की उभ्या एसटीच्या खिडकीतून शिरून जांभई देणाऱ्या कंडक्टरच्या थेट तोंडात पडला. तो बेटा चव घेण्यात इतका रमला, की बस तिरोड्याला पोहोचली तरी एकाचंही तिकीट फाटलं नव्हतं. पटत नसेल तर सोडून द्या. पण त्या कढईपाशी बायजाबाई उभी होती आणि भर उन्हात तिच्या अंगावर काटा आला होता, हे मात्र खरं.

वाटाण्याएवढं काळं, टणक बी तो माणूस तापल्या कढईत हलवायचा, पाटावर काढायचा आणि लाकडी थापीनं वर एक हाणायचा. फट्ट! काळ्या बियातून बोराएवढं पांढरंशुभ्र फूल बाहेर.

"घे ना मावशी. घरी गर्भार बाई असन तर लय चांगले. लेकरू कसं गुटगुटीत होते!"

"असंच फुलते?" बायजाबाईनं विचारलं.

"असंच!" तो हसला आणि त्यानं पुन्हा थापी हाणली.

बिचारा विकायला बसला होता. आपण काय बोलून गेलो, हे त्याला कळलंच नाही.

बायजाबाईची सून दिव्या पहिलटकरीण होती. गावच्या आशाताई निर्मलाबाईंनी तिच्या डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि त्या पांढऱ्या दिसल्यावर रक्ताच्या गोळ्या दिल्या. भाजी, डाळ, अंडं पोटभर खा म्हणाल्या आणि मधल्या वेळेला भूक लागली तर मूठभर मखाने तुपात परतून खा, असंही सांगितलं. बायजाबाईचा मुलगा विक्की गोंदियाच्या राईस मिलमध्ये कामाला. भाजी-डाळ आईच्या हातात, म्हणून त्यानं मखाने आपल्याकडे घेतले. मिलमधून येताना मोटरसायकलच्या हँडलला पिशवी लटकवून आणायचा आणि आईच्या हाती द्यायचा.

"रोज देत जा वं माय तिले."

"देतो ना. मी का तिची वैरीण आहो?"

वैरीण नव्हती, तिथंच सगळा घोटाळा झाला. बायजाबाईची स्वतःची लेक शेवंता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, तेव्हा आईनं तिला खीर, लाडू, कोंबडीचा रस्सा, जे जे सुचेल ते हातानं भरवलं होतं. लेकरू पोटात मोठं झालं. इतकं मोठं, की अडलं ते अडलंच. आई आणि लेकरू दोघंही एकाच खाटेवरून गेली. शेवंताच्या सासूनं मयतीत सगळ्यांदेखत म्हटलं, "तिच्या मायनंच खाऊ घालून मारली पोट्टीले." त्या दिवसापासून बायजाबाईला गर्भार बाईच्या हातातलं भरलं ताट दिसलं, की कापरं भरायचं.

गावात जुन्या बायका म्हणतच आल्या, की गर्भारणीनं अर्धं पोट ठेवावं, लेकरू लहान राहतं आणि सुटका सोपी होते. बायजाबाईनं तो नियम असा पाळला, की दिव्याच्या ताटातल्या भाताला उंदरानंही नाक मुरडलं असतं. गोळ्या तिनं चुलीत टाकल्या. आणि मखान्याचं तर तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. टणक बियाचं क्षणात एवढं होतं, तर मऊ गर्भाचं काय होईल?

फेकावे तर मुलगा पाहील, म्हणून ती तुपात परतून स्वतःच खाऊ लागली. आधी डोळे मिटून औषधासारखे. मग उघड्या डोळ्यांनी. पुढं पुढं तर ती विक्कीच्या गाडीच्या आवाजाची वाट पाहू लागली. महिन्या-दोन महिन्यांत अशी सुटली, की गोठ्याच्या दारातून आडवी होऊन जावं लागे आणि म्हैस ही कोण नवी आली म्हणून मागं सरके.

शेजारची शकुंतलाबाई कुंपणावरून ओरडायची, "काय वं बायजा! पोट सुनेचं अन् बाळसं तुले?"

"जळून रायली काय वं तू?" बायजाबाई हसून म्हणायची.

दिव्या हसायची नाही. एकदा तुपाचा वास घरभर पसरला, तेव्हा ती भिंतीला धरून चुलीपाशी आली.

"आई, थोडे द्या ना. जीव कासावीस होऊन रायला."

"हे चार घे. बस."

"अन् बाकीचे तुमी कायले खाता? तुमाले का लेकरू होऊन रायलं?"

बायजाबाईनं कढई खाली ठेवली. तिला जवळ बसवलं आणि शेवंताची सगळी हकीकत सांगितली, कळांपासून तिरडीच्या खांद्यापर्यंत. सांगताना तिचा आवाज फाटला. दिव्याचा हात तिनं सोडला नाही.

"मले दुसरी शेवंता नाई पायजे, पोरी. तू जिती राय. मंग जलमभर खा, मी करून घालीन."

दिव्या घाबरली. घाबरलेल्या माणसाला उपाशी ठेवायला कुलूप लागत नाही. त्यानंतर विक्की विचारायचा, "खाल्ले ना वं?" आणि ती आपणहून हो म्हणून मान हलवायची.

दिवस भरायच्या आधीच कळा आल्या. गाडी वेळेवर मिळाली, रस्ता मोकळा मिळाला आणि गोंदियाच्या दवाखान्यात दुपारचं ऊन कलायच्या आत दिव्या बाळंत झाली. आतून मांजराच्या पिल्लासारखा बारीक आवाज आला. बायजाबाई बाकावरून उठली ती थेट रस्त्याकडच्या दारापर्यंत गेली.

"सुटली माही पोर! शिंक यावी तशी सुटली!" येणाऱ्या-जाणाऱ्याला तिनं सांगितलं. चहावाल्याला, वॉचमनला, दुसऱ्याच कुणाच्या पेशंटला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिनं छाती भरून श्वास घेतला.

सिस्टरनं तिला आत बोलावलं. नात होती. लाल, सुरकुतलेली, तळहातात मावेल एवढी.

"फार कमी वजन आहे, आजी. आईकडे देता येत नाही. चोळी सोडा, उघड्या अंगाशी धरा, अंगाची ऊब लागते तिला. हलू नका."

सिस्टरनं फडक्यानं लेकरू तिच्या छातीला बांधलं. पलीकडे पडदा होता, आत दिव्या. त्यामागं पावलं भराभर वाजत होती. विक्की रक्त आणायला धावला, पिशवी घेऊन परत आला आणि पडद्याबाहेरच थांबला, कारण डॉक्टरीणबाई बाहेर येत होत्या.

त्या त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. सावकाश बोलल्या.

"बहुत कोशिश की, भैया. नहीं बचा पाए. बाळंतपणात जातं तेवढंच रक्त गेलं होतं. दुसरी बाई सांभाळून घेते. हिच्या अंगात रक्तच नव्हतं. खाती क्या थी?"

"मखाने आणत होतो मी," विक्की म्हणाला. हातातली रक्ताची पिशवी त्याला कुठं ठेवावी ते कळेना. "रोज आणत होतो. माय, तू देत होती ना तिले?"

बायजाबाईनं पडद्याकडे पाहिलं. खोटं बोलणं काही अवघड नव्हतं. साक्षीदार तिथंच आत होती आणि ती आता कधीच बोलणार नव्हती.

"नाई देल्ले," ती म्हणाली. "ताटही अर्धंच देल्लं. लेकरू मोठं होईन, अडन म्हणून. शेवंतासारखी जाईन म्हणून रे. ते वाचावी म्हणून."

विक्कीनं पिशवी सिस्टरच्या हाती दिली आणि शर्टाची बटणं काढू लागला. एकेक करून सगळी काढली.

"माह्या अंगाले बांधा," तो सिस्टरला म्हणाला. "बापाचं चालते ना?"

"चालतं," सिस्टर म्हणाली.

तिनं फडक्याची गाठ सोडली. लेकरानं एकदा तोंड वासलं, पण आवाज आला नाही. मग बापाच्या छातीवर गेल्यावर बारीकसं रडलं. विक्की आईकडे पाठ करून भिंतीशी बसला.

"आजी, तुम्ही आता बाहेर बसा," सिस्टर हळूच म्हणाली. "पोलकं लावून घ्या."

बायजाबाई उठली नाही. तिचे हात अजून छातीशी तसेच वाकलेले होते, जसं काही धरलेलं असावं.