एकशे छत्तीस किलोंचं कुपोषण

सरिता मेश्राम वीस वर्षांपासून रायपूरच्या एका पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, अंगणवाडी चालवत होती. कोणतं लेकरू कमी वजनाचं, कोणत्या बाईच्या अंगात रक्त नाही, हे तिला दारातूनच कळायचं. म्हणून डॉक्टर इरावतींनी रिपोर्ट पुढे सरकवून "हे कुपोषण आहे," म्हटलं, तेव्हा तिनं कागदावरचं नाव पुन्हा वाचलं. नाव तिच्या नवऱ्याचंच होतं. हरिदास एकशे छत्तीस किलोंचा होता.

"मी कुपोषित?" रेल्वेत बाबू असलेला हरिदास हसला. "मॅडम, मले जेवताना पाहा तरी एकदा."

"पोट भरतं हो. पण लोह कमी, बी-ट्वेल्व्ह कमी, डी तर नावालाच. आधी हे भरून काढू, मग वजनाचं ऑपरेशन. आणि नंतर गोळ्या जन्मभर."

दोन महिन्यांनी ऑपरेशन झालं. पोट कापून केळ्याएवढं केलं. वर्षभरात हरिदास ब्याऐंशीवर आला. चौबे कॉलनीतल्या साडूनं त्याला ओळखलं नाही, याचा त्याला इतका आनंद झाला, की तो आणखी दोनदा तिकडे जाऊन आला.

मग एका रविवारी गोल बाजारात कुकर घेऊन परतताना सरिताचं लक्ष खाली गेलं. हरिदासच्या एकाच पायात चप्पल होती.

"दुसरी कुठी हाये?"

हरिदासनंही खाली पाहिलं. "होती ना आत्ता."

"गळाली तं समजलं नाही तुम्हाले?"

"पाय सुन्न वाटून राहिले दोन महिन्यांपासून."

"गोळ्या घेता ना?"

हरिदास भांड्यांच्या दुकानाकडे पाहू लागला. "जेवणच वाटीभर. त्यात मूठभर गोळ्या काहून खाऊ? बिमार कुठी आहो मी आता?"

घरी कपाटात सात महिन्यांच्या गोळ्या जशाच्या तशा निघाल्या. पाऱ्यातल्या बायांनी गोळी गिळेपर्यंत समोरून न हलणारी सरिता त्या पाकिटांपुढे बसून राहिली. नवऱ्यापेक्षा तिला स्वतःचाच राग आला.

"नसांना इजा झाली आहे," डॉक्टर म्हणाल्या. "इंजेक्शनं सुरू करू. किती भरून येईल, आज सांगता येणार नाही."

त्यानंतर रोज सकाळी सरिता त्याला डोळे मिटायला लावून तळव्याला पिन टेकवायची.

"समजलं?"

"हव," हरिदास म्हणायचा. पिन अजून तळव्याला टेकलेलीच नसायची.

एप्रिलमध्ये तो मिरच्या वाळत घालायला अनवाणीच गच्चीवर गेला आणि ओरडला. सरिता जिना चढून धावली. तो एक पाय उचलून उभा होता.

"भाजला!"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिनं पदरानं टिपलं.

"आता तोच खाली ठेवा," ती म्हणाली, "अन् दुसरा उचला. तो भाजला असन अन् तुम्हाले समजलंही नसन. पाहू द्या मले."