ड्रायरवरचं कुंकू

चांगली उतरलेली बॅच नासली, तेव्हा मी तळवड्याच्या आमच्या लॅबमध्ये हातमोजे काढून भिंतीवर भिरकावले. आम्ही कोलॅजेनची फिल्म बनवतो, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. बुबुळावरचा पारदर्शक पडदा खराब झाला की तिथे ती बसवायची. तिच्या आधाराने डोळ्याच्या स्वतःच्या पेशी वाढतात आणि नवा पडदा तयार होतो. निदान कागदावर तरी होतो!

आधीच्या फिल्म कधी धुरकट व्हायच्या, कधी टाके घालताना फाटायच्या. ही मात्र नितळ होती. ती पास झाली की माणसांवर चाचणी सुरू होणार होती, आणि त्यात आप्पांचं, माझ्या वडिलांचं, नाव लागलं होतं. चाकणच्या फाउंड्रीत तापलेल्या धातूचे शिंतोडे उडून त्यांचे दोन्ही डोळे भाजले. दान मिळालेला पडदा शरीराने दोनदा नाकारला. आता त्यांना नुसत्या सावल्या दिसतात.

आणि फिल्मवर बुरशी! मी फिल्टर तपासले, पाणी तपासलं, माझी असिस्टंट पूनम हिला नाही नाही ते बोलले. शेवटी फिल्म वाळवायच्या ड्रायरच्या दाराच्या रबरात कुंकू सापडलं. आत ट्रेमागे झेंडूची पाकळी.

पूनम रडायलाच लागली. "मॅडम, खंडेनवमीला तुम्ही तुमच्या आप्पांना घेऊन आला होता ना? तुम्ही मीटिंगला गेलात, तेव्हा म्हणाले, 'लेकीच्या मशिनीला हळदकुंकू न्हाई व्हय?' मला नाही म्हणवेना. मीच हात धरून आत नेलं."

आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात त्या दिवशी लेथपासून फोर्कलिफ्टपर्यंत सगळ्यांना हार पडतात, कबूल. पण या खोलीत आम्हीसुद्धा टोपी-मास्क घालून शिरतो. तिथे झेंडू! डोक्यात तिडीक गेली. घरी पोचेपर्यंत मी मनातल्या मनात आप्पांशी कडाकडा भांडले.

"आप्पा, बॅच गेली," मी दारातूनच म्हणाले.

"आरं देवा. तरी बरं, पूजा केली व्हती. न्हाईतर मशीनच गेलं असतं. पुढल्या खेपेला नारळ बी फोडू."

मी जेवणाचा डबा ओट्यावर आपटला. आवाज आला तिकडे वळून ते समजुतीचं हसले. मी त्यांच्यापुढे येऊन उभी राहिले, तरी ते ओट्याकडेच बघून हसत होते. इतका राग आला होता, तो कुठे ठेवू कळेना. रडूच फुटलं.

"फोडू," मी म्हणाले. "पण बाहेर, गेटवर."