बसा म्हटलं, उघडा नव्हे

मित्रांनो, मी एक जुना दिवाण आहे. वर पाहुणे बसतात आणि पोटात अख्खा संसार कोंबलेला असतो, तोच मी. मला घडवणारा सुतार जाताना म्हणाला होता, "झाकण मुद्दाम जड केलंय. उगाच कुणी उघडणार नाही." भाबडा माणूस!

मी एका बसचालकाच्या घरी आलो. त्याची बायको घरीच शिवणकाम करायची. तिने माझ्यात रजया, जुने पडदे, कापडांची गाठोडी भरली. अगदी तळाशी, उशीच्या अभ्र्यात, एक पिवळं झबलं होतं. एक दिवसही न जगलेल्या बाळासाठी तिने ते शिवलं होतं. नवऱ्याला वाटायचं, तिने ते केव्हाच देऊन टाकलं. मी अवाक्षर काढलं नाही. पोटात ठेवणं हेच तर माझं काम.

मग इमारतीत चोरी झाली आणि पोलीस दारोदार फिरू लागले. बसचालक सवयीने म्हणाला, "या ना साहेब, बसा." साहेब बसले. माझी फळी करकरली.

"जरा घर बघू का? तुमची हरकत नसेल तर."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. तो छाती काढून म्हणाला, "बघा की! कर नाही त्याला डर कशाला?"

म्हण चांगली आहे हो, पण ती म्हणणाऱ्याचं पोट कुणी उपसलेलं नसतं. माझं झाकण वर गेलं, सगळं जमिनीवर आलं. दारात शेजारीपाजारी जमले. शेवटी साहेबांनी झबलं वर धरलं.

"हे कुणाचं? घरात लहान मूल तर दिसत नाही."

बिचारीला चारचौघांत सांगावं लागलं. चोरीचं काहीच सापडलं नाही. बसचालकाची खाली गेलेली मान मात्र बराच वेळ वर आली नाही. माझी बिजागरी तेव्हाच निखळली, ती अजून तशीच आहे.

चोर काही मिळेना, म्हणून साहेब पुन्हा आले.

"बसा, पाणी आणते," बायको म्हणाली. "पण घर बघायचं असेल, तर कोर्टाचा कागद आणा."

"म्हणजे काहीतरी लपवायचंय तुम्हाला!"

आता नवरा तीच म्हण काढणार, असं मला वाटलं. तो आला आणि माझ्यावर अंग टाकून बसला.

"लपवायचं काही नाही, साहेब," तो म्हणाला. "झाकायचं आहे."

साहेब पाणी पिऊन गेले. उद्या कागद आणतीलही, मग उघडावं लागेल. पण त्या संध्याकाळी झबल्याची घडी दोघांनी मिळून घातली.

मित्रांनो, मी आता थकलो आहे. माझ्यावर खुशाल बसा. पण झाकणाला हात लावण्याआधी विचारत जा. आणि तुम्हालाच कुणी विचारलं, तर 'नाही' हेही उत्तरच असतं, हे विसरू नका.