रंगखात्यातल्या बाटल्या

आमची संस्था पुरुषांच्या आरोग्यासाठी काम करते, असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो. पुरुषांना काय धाड भरलीय, असं बायकाच विचारतात. मी तिथली सिस्टर. बायका पोरांना घेऊन दवाखान्यात येतात, सासूला घेऊन येतात. पुरुष येतो तो चौघांनी उचलून आणला तरच. 'पुरुषांनो, स्वतःकडे लक्ष द्या' असा मोठा फलक आम्ही भिंतीवर लावला होता. त्याच्याखालच्या बाकावर शेजारचा कुलूपवाला दुपारी पंख्याखाली झोपायचा. रक्तदाब बघते म्हटलं की त्याला नेमकं दुकान आठवायचं.

शेवटी आम्हीच कापड रंगवायच्या कारखान्यात गेलो. तिथली काही रसायनं वर्षानुवर्षं अंगात गेली तर मूत्राशयात गाठ होऊ शकते, आणि सुरुवातीला काही दुखत नाही, खुपत नाही. म्हणून रंगखात्यातल्या सगळ्यांची लघवी तपासायची, असं डॉक्टरांनी ठरवलं. मी जेवणाच्या सुट्टीत बाटल्या वाटल्या. पुरुषमंडळी दात काढत टाक्यांच्या मागे गेली आणि फार लवकर परत आली.

दवाखान्यात येऊन मी पहिल्या बाटलीत पट्टी बुडवली. रक्त असेल तर पट्टीवरचा पिवळा चौकोन हिरवा पडतो. पडला. दुसरी हिरवी, तिसरी हिरवी, सगळं रंगखातंच हिरवं! पट्ट्या खराब असतील म्हणून नवी डबी फोडली. तरी तेच.

"अख्ख्या खात्याला एकदम गाठ?" डॉक्टर म्हणाले, आणि मग दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. सगळ्या बाटल्या एकाच माणसाच्या होत्या.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी तिथे गेले तेव्हा खरा प्रकार कळला. मुकादमाने आधीच कुजबुज पसरवली होती, की ज्याच्यात खोट निघेल त्याला मालक घरी बसवणार. तेव्हा या शहाण्यांनी काय करावं? खात्यातल्या सगळ्यात धडधाकट गड्याला पुढे केलं आणि त्याचीच लघवी सगळ्यांनी वाटून घेतली.

"कुणाची होती?" मी विचारलं. "त्या माणसाला उपचार हवेत. मालकाला काही कळणार नाही, माझा शब्द."

एकेक जण उठून कामाला लागला. मित्राचं नाव सांगायचं म्हणजे त्याच्या पोटावर पाय, एवढंच त्यांच्या डोक्यात. पण धडधाकट कोण हे कळायला ज्योतिषी लागत नव्हता. ओल्या कापडाचा गठ्ठा एकटा खांद्यावर घेणारा एकच होता. त्याला पैलवानच म्हणायचे. त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, त्याच्याच हाताखाली काम करायचा आणि दिवसभर त्याच्या मागे मागे असायचा.

मी सगळ्यांना पुन्हा बाटल्या दिल्या आणि संडासाच्या दाराशी पहारा दिला. एकेकाला आत सोडलं. या वेळी सगळ्या पट्ट्या पिवळ्या राहिल्या. पैलवानाचीही.

म्हणजे कुणीतरी पुन्हा फसवलं होतं. मी तसं बोललेही. पण संस्थेचे संचालक खूश झाले, शंभर टक्के निरोगी खातं म्हणून देणगीदारांना सांगत सुटले. मुकादम म्हणाला, तुमच्या पट्ट्यांतच दोष. मी फाटकापाशी पैलवानाला गाठलं.

"एकदा दवाखान्यात या. मोठी तपासणी करू."

"सिस्टर, दोनदा दिली की," तो हसत म्हणाला. "आता काय विहीर भरायचीय का तुमची?"

भोवतालचे खो खो हसले. मेहुणा तेवढा हसला नाही, पण तेव्हा मी त्याच्याकडे कशाला बघतेय?

त्यानंतरही मी फाटकापाशी जायचे. मला बघितलं की तो दुसऱ्या दाराने निघून जायचा.

बऱ्याच महिन्यांनी एक बाई दवाखान्यात आली. पैलवानाची बायको. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "ह्यांना लाल लघवी होते."

"कधीपासून?"

"पुष्कळ दिवस झाले. हे म्हणतात, रंग आहे. खात्यात जो रंग चालू असतो तोच थुंकीत येतो, घामात येतो, उशीलासुद्धा लागतो. मला वाटलं, तसंच असेल. शिवाय तुमच्याकडे तपासून झालंय, ठणठणीत आहे म्हणाले." ती थांबली. "पण आता कितीतरी दिवस खात्यात निळाच रंग चाललाय, सिस्टर. शर्ट मीच धुते ना."

त्याच दिवशी त्याला मोठ्या इस्पितळात नेलं. गाठ मूत्राशयाची भिंत फोडून पुढे पसरली होती. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आला असता तर खरवडून काढता आली असती. आता हाती फारसं काही नाही.

बायकोला हे मलाच सांगावं लागलं. वॉर्डाबाहेरच्या बाकावर तिच्याशेजारी बसून सगळं सांगितलं, पहिल्या बाटल्यांपासून. डबा घेऊन आलेला तिचा भाऊ भिंतीला टेकून ऐकत होता. सगळं ऐकून झाल्यावर तिने एकच विचारलं.

"मग दुसऱ्या वेळी ह्यांनी कुणाची दिली?"

मी काही बोलायच्या आत भिंतीकडून आवाज आला. "माझी."

तिने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. तो पोरासारखा रडत होता.

"मी आधी आत गेलो होतो, ताई. जास्तीची दुसऱ्या बाटलीत भरून तिथल्या फळीमागे ठेवली. भाऊजींनी मागितली, नाही कसं म्हणणार?"

"मला घरी येऊन सांगायचंस."

"त्यांनी तुझीच शपथ घातली. म्हणाले, तिला कळलं तर ती मला कामावर जाऊ देणार नाही."

तिने त्याच्या हातातून डबा घेतला, झाकण घट्ट आहे का ते चाचपलं आणि उठली.

"नसतंच जाऊ दिलं रे," ती म्हणाली, आणि नवऱ्याला जेवू घालायला आत गेली.